सादळलेलें तेल

पावसाळ्याच्या चार महिन्यांत प्रत्येक घरांतील कांहीं जिनसांची मोठी परीक्षा होत असते. डब्याचें झांकण नीट बसलें नाहीं तर पापड सादळतात. बरणींतील मिठास पाणी सुटतें. गुळाची ढेप पाझरूं लागते आणि काडेपेटींतील काडी दहा वेळां ओढली तरी पेट घेत नाहीं. हवेंतील ओलावा डोळ्यांस दिसत नाहीं. परंतु ज्या वस्तूंस त्याची ओढ आहे त्या त्यास बरोबर हुडकून काढतात. सुगृहिणी हें जाणून असतात व मृग नक्षत्र लागण्यापूर्वींच डब्यांची व बरण्यांची झडती घेतात. शिवाय पापड सादळला तर तें हातास तत्काळ कळतें, आणि हातास न कळलें तर दातांस कळतें. परंतु ज्या वस्तूस आपण कधीं हात लावीत नाहीं, जी चाखावयाची तर नव्हेच, आणि जिच्याकडे पाहण्याचें आपणांस वर्षानुवर्षें कारण पडत नाहीं, ती सादळली तर तें कोणास कळावें?

अशी एक वस्तु आज पुष्कळ घरांच्या दारांत उभ्या असलेल्या मोटारींत असते. ती म्हणजे क्लच चालविणारा द्रव. तो मापानें थोडा, किंमतीनें त्याहून थोडा, आणि दिसावयास तर मुळींच येत नाहीं. शाळेच्या वार्षिकांत असला विषय कशास, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, वरच्या वर्गांत पदार्थविज्ञानाच्या तासास शिकविलेला एक नियम येथें रोज आपल्या पायाखालीं प्रत्यक्ष काम करीत असतो. आणि त्या कामाची हेळसांड झाली तर घाटांतील एखाद्या वळणावर संबंध कुटुंब अडकून पडतें. हें आम्हीं पाहिलें आहे व तें पुढें सांगणारच आहों. प्रथम यंत्राची ओळख करून देतों.

एंजिन फिरत असतां त्याचा गिअरपेटीशीं असलेला संबंध क्षणभर तोडणें व पुन्हां हलक्या हातानें जोडणें, हें क्लचचें काम. एंजिनाच्या टोकास फ्लायव्हील नांवाचें एक जड चाक असतें. त्याच्या अंगास क्लच प्लेट लागून असते, आणि प्रेशर प्लेट नांवाची दुसरी चकती जबर स्प्रिंगच्या जोरानें तीस त्या चाकावर दाबून धरते. आपण पेडल दाबलें म्हणजे ही पकड सुटते व गिअर बदलतां येतो. पाय उचलला कीं पकड पुन्हां बसते. पेडल असतें चालकाच्या पायापाशीं आणि क्लच असतो एंजिनाच्या मागें. मधल्या अंतरांतून पायाचा जोर तेथें पोंचवावयाचा कसा? १९८३ सालीं रस्त्यावर आलेल्या मारुति ८०० गाडींत हें काम तारेची केबल करीत असे. आजच्या पुष्कळ गाड्यांत मात्र तें एका नळींत कोंडलेला द्रव करितो. पेडलापाशीं एक लहान नळकांडें असतें, त्यास मास्टर सिलिंडर म्हणतात. क्लचपाशीं दुसरें असतें, तें स्लेव्ह सिलिंडर. दोहोंमध्यें बारीक नळी. पेडलानें पहिल्याचा दट्ट्या पुढें सरकला कीं द्रव नळींतून दुसऱ्यांत जातो, तेथला दट्ट्या बाहेर ढकलला जातो आणि क्लचची पकड सुटते.

यामागील नियम फ्रेंच पंडित ब्लेझ पास्कल याचा. १६६२ सालीं तो वारला व पुढील वर्षीं त्याचा या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. कोंडलेल्या द्रवास एके ठिकाणीं दिलेला दाब त्यांतून सर्व दिशांस सारखाच पोंचतो, असें हा नियम सांगतो. समजा, मास्टर सिलिंडराच्या दट्ट्याचें क्षेत्रफळ २ चौरस सेंटिमीटर आहे व त्यावर २० किलोंचा भार पडला. तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरावर १० किलोंचा दाब झाला. स्लेव्हच्या दट्ट्याचें क्षेत्रफळ ३ चौरस सेंटिमीटर असेल तर तेथें ३० किलोंचा जोर मिळेल. अर्थात् जोर वाढला तितकें सरकणें कमी झालें. निसर्ग कोणास फुकट कांहींच देत नाहीं. परंतु या हिशेबास एक अट आहे. द्रव खरोखर कोंडलेला असला पाहिजे. त्यास बाहेर पडावयास केसाएवढी फट सांपडली तर पास्कलचा नियम खोटा ठरत नाहीं, पण आपल्या कामींही येत नाहीं.

ही अडचण फार जुनी आहे. इंग्लंडांत जोसेफ ब्रामा यानें १७९५ सालीं पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या मोठ्या दाबयंत्राचें पेटंट घेतलें. पाण्याचा दाब वाढला कीं तें दट्ट्याच्या कडेनें निसटूं पाही. आणि दट्ट्याभोंवतीं कांहीं घट्ट आवळून बसवावें तर दट्ट्याच हलेनासा होई. यावरील तोड त्याच्या कारखान्यांतील हेन्री मॉड्सले या कारागिरानें काढली असें सांगतात. त्यानें चामड्याचें एक वाटीसारखें वळलेलें कडें बसविलें. तिची उघडी बाजू पाण्याकडे. त्यामुळें पाण्याचा दाब वाढे तसतशी वाटीची कड पसरून भिंतीस अधिकच बिलगे. जें पाणी निसटूं पाही त्याच्याकडूनच दार लावून घ्यावयाचें, अशी ही युक्ति. आज आपल्या मोटारीच्या सिलिंडरांत चामड्याच्या जागीं रबराची वाटी असते, पण तत्त्व तेंच. येथें एक गोष्ट ध्यानांत धरावी. दाब असतांना ही वाटी दाबाच्या बळावर घट्ट राहते. दाब नसतांना मात्र तीस स्वतःच्या लवचिकपणावरच अवलंबून राहावें लागतें. रबराचा लवचिकपणा गेला, कीं द्रवास उभ्या गाडींतही वाट सांपडते.

आतां द्रवाकडे वळूं. बाजारांत त्यास ‘ब्रेक ऑईल’ म्हणतात, कारण ब्रेकमध्यें व क्लचमध्यें बहुधा एकच द्रव घालतात. हें नांव जरा फसवें आहे. प्रारंभींच्या काळांत यासाठीं एरंडेल व अल्कोहोल यांचें मिश्रण वापरीत, तेव्हां त्यास तेल म्हणणें निदान अर्धें खरें होतें. आज डब्यावर डॉट ३, डॉट ४ किंवा डॉट ५.१ असें लिहिलेला जो द्रव मिळतो तो ग्लायकॉल जातीचा असतो, आणि तेलाचा व त्याचा कांहीं संबंध नाहीं. (डॉट ५ हा निराळा, सिलिकोनचा, वरील तिघांत तो मिसळूं नये.) तेल व पाणी एकमेकांपासून दूर राहतात, ग्लायकॉलास मात्र पाण्याची विलक्षण ओढ आहे. भांड्याच्या झांकणास हवा खेळण्यासाठीं ठेवलेल्या फटींतून, रबरी नळ्यांच्या अंगांतून, अदृश्य रीतीनें ओलावा आंत येतो व त्यांत विरून जातो. हा दोष आहे, तसा गुणही आहे. पाणी विरघळलें नसतें तर तें नळीच्या खोलगट जागीं वेगळें सांचून तेथेंच धातु कुरतडीत बसलें असतें. विरघळल्यामुळें तें पसरतें, अपाय सावकाश होतो. परंतु सावकाश होणारा अपाय म्हणजे अपाय नव्हे, असें समजण्याची चूक पुष्कळ जण करितात.

आतां घाटांतील हकीकत. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या एका आप्तांकडून आम्हांस त्यांची वापरलेली मोटार मिळाली. घेतांच आम्हीं ती गांवांतील एका गॅरेजमध्यें तपासावयास दिली, आणि जें बिल आलें त्यांत ‘ब्रेक ऑईल बदललें’ अशी स्पष्ट नोंद होती. जूनच्या दुसऱ्या आठवड्यांत, शाळा उघडण्यापूर्वीं, आम्ही सहकुटुंब सावंतवाडीहून कोल्हापुरास परत यावयास निघालों. सकाळीं बॉनेट उघडून पाणी, तेल वगैरे पाहिलें. द्रवाची पातळी भांड्यावरील दोन खुणांच्या मध्यें होती. दाणोली मागें पडली आणि आंबोलीचा घाट सुरू झाला. पाऊस असा कीं पुढच्या गाडीचे दिवे तेवढे दिसावे. वर एक ट्रक अडकल्यामुळें वाहनांची रांग लागली होती व दर दहा पावलांवर थांबावें लागत होतें. अशा एका थांब्यानंतर आम्हीं क्लच दाबला, तों पेडल लोण्यांत सुरी जावी तसें खालीं गेलें व तेथेंच राहिलें. गिअर पडेना.

ब्रेक मात्र शाबूत होता. त्याच्या आधारानें गाडी उतारानें थोडी मागें घेऊन डोंगराच्या बाजूस लावली, हातब्रेक ओढला, चाकांमागें मोठे दगड ठेवले. फोनास रेंज नव्हती. खालीं उतरणाऱ्या एका मोटारसायकलवाल्यानें दाणोलीच्या मिस्त्रीस निरोप देण्याचें कबूल केलें. तेवढ्यांत मागील ट्रकचा क्लीनर पावसांत भिजत आमच्या मदतीस आला. मनुष्य मोठा भला. त्यानें बॉनेटमध्यें डोकावून पाहिलें व म्हणाला, “काका, ऑईल खालीं गेलंय. माझ्याकडे इंजिन ऑईलचा डबा आहे. ओता थोडं आणि निघा. ऑईल तें ऑईलच!”

त्यानें डबा आणलाही. आमचा मुलगा त्या वेळीं नववींत होता. तो भांड्याच्या झांकणावरील बारीक अक्षरें पुसून वाचीत होता. तो म्हणाला, “बाबा, यावर डॉट ३ किंवा डॉट ४ एवढंच लिहिलंय, आणि तेंही सीलबंद डब्यांतलं. दुसरं घालूं नये.” आम्हीं त्या सद्गृहस्थाचे आभार मानिले व डबा परत केला. मुलांच्या आईस घाटांत संध्याकाळ होण्याची धास्ती वाटत होती, धाकटी मुलगी रडवेली झाली होती, आणि हातांत आलेली मदत आम्हीं परत पाठविली होती. तो एक तास फार लांब गेला.

मिस्त्री आला तो सुमारें साठीचा, अंगावर प्लास्टिकचें इरलें घेतलेला. इंजिन ऑईलची गोष्ट ऐकतांच तो हातांतला पाना खालीं ठेवून म्हणाला, “मास्तर, मुलानं वांचवलं तुम्हांला. तें आंत गेलं असतं तर रबरं फुगून भाकरीसारखीं झालीं असतीं. क्लच तर गेलाच होता. ब्रेकही गेला असता, आणि तो आज नव्हे, चार दिवसांनीं, कुठल्यातरी उतारावर.” हें बोलणें अक्षरशः खरें आहे. खनिज तेल या जातीच्या रबरांत शिरतें, रबर फुगतें व मऊ पडतें, दट्ट्या अडकतात, आणि मग प्रत्येक सील व प्रत्येक रबरी नळी बदलल्यावांचून गत्यंतर उरत नाहीं. आमच्या गाडींत, पुष्कळ गाड्यांत असतें त्याप्रमाणें, ब्रेक व क्लच या दोहोंस एकच भांडें होतें.

मग त्यानें मुलांस जवळ बोलावून तें भांडें दाखविलें. क्लचकडे जाणारी नळी भांड्याच्या बऱ्याच वरच्या अंगास जोडलेली होती. ब्रेककडील वाट अगदीं तळाशीं. क्लच गळून गळून द्रव त्या वरच्या नळीपर्यंत उतरला व तेथें थांबला. खालचा सांठा ब्रेकसाठीं राखलेला राहिला. ज्या कोणा अभियंत्यानें ती नळी दोन बोटें वर बसविली त्यास आम्हीं कधीं पाहिलें नाहीं. परंतु घाटांत आमच्या पायाखालीं ब्रेक उरला तो त्याच्या दूरदृष्टीमुळें.

गळती स्लेव्ह सिलिंडराची होती. त्याच्या तोंडावरील रबरी टोपी ओढतांच आंत सांचलेला द्रव हातावर आला. तो काजळासारखा काळा होता. मिस्त्रीनें दट्ट्या बाहेर काढला व विजेरीच्या उजेडांत नळकांड्याची आंतली भिंत दाखविली. आरशासारखी गुळगुळीत असावयाची ती भिंत एका बाजूस देवीच्या व्रणांसारखी खड्डेदार झाली होती. रबराची वाटी नखानें दाबली तर लवत नव्हती. तिच्या कडेचा एक तुकडाच निघाला होता. “शेवटचं कधीं बदललंत?” त्यानें विचारलें. आम्हीं मोटारीच्या कप्प्यांतून बिल काढून त्याच्यापुढें धरिलें. तें वाचून तो हंसला. “हें ब्रेकचं. चार चाकांपाशीं निपल सोडून त्यांनीं जुनं काढलं, वरून नवं ओतलं. क्लचची नळी म्हणजे आंधळी गल्ली. तिचं तोंड तिथलं निपल सोडल्याशिवाय उघडत नाहीं. भांड्यांत नवं आणि नळींत जुनं, असं हें चाललं होतं.”

त्यानें सावंतवाडीहून मागवून आणलेल्या किटांतील नवी वाटी बसविली, नळींतील काळें पाणी काढून टाकलें, सीलबंद बाटली आमच्यादेखत फोडून भांडें भरलें व हवा काढली. निघतांना बजाविलें, “हें कोल्हापुरापर्यंत नेईल. भिंतीला खड्डे आहेत, ते नवं रबर पुन्हां खातील. तिथं सिलिंडरच नवा घाला.” आम्हीं तसें केलें.

त्या दिवशीं आम्हांस जें कळलें तें असें. गळती हा रोगाचा आरंभ नसून शेवट असतो. आरंभ तो द्रवांत प्रथम ओलावा शिरला त्या दिवशीं. ओलाव्याबरोबर द्रवांतील गंजप्रतिबंधक द्रव्यें हळूहळू खर्ची पडतात. मग धातूस गंज चढतो, भिंत खरबरीत होते. त्या खरबरीत भिंतीवर प्रत्येक वेळीं पेडल दाबतांना रबराची कड घांसली जाते. रबराचे कण द्रवांत मिसळून तो काळा होतो. ते कण पुन्हां भिंत ओरखडतात. शेवटीं एके दिवशीं कड तुटते व थेंब बाहेर येतो. आपण थेंब पाहतों तेव्हां आंतील काम संपलेलें असतें. म्हणून ‘गळत नाहीं, तर सर्व ठीक आहे’ हा न्याय येथें लागू पडत नाहीं.

गळतीचीं दुसरींही कारणें आहेत. रबर केवळ वयानें व एंजिनाच्या आंचेनें कडक होतें. स्लेव्ह सिलिंडर तर एंजिनाच्या अगदीं शेजारीं असतो. टोपी फाटली असेल तर रस्त्यावरील धूळ व चिखल दट्ट्यापाशीं पोंचतो. महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडींत वाटी एकाच जागीं चिकटून बसते व पुढें हलतांना फाटते. नळीचे सांधे सैल होतात, त्यांतील वायसर किंवा रबरी कडें निकामी होतें, नळीस चीर पडते. आणि चुकीचें तेल घालणें हें कारण तर वर आलेंच आहे.

गळती कोठें आहे हें ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. मास्टर सिलिंडर मागच्या बाजूनें गळत असेल तर पेडलाच्या दांड्यावरून ओघळ उतरतो व चालकाच्या पायाखालील सतरंजी ओली होते. स्लेव्ह गळत असेल तर गिअरपेटीच्या खालीं जमिनीवर डाग पडतो. कांहीं गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर गिअरपेटीच्या आंत, दांड्याभोंवतीं कड्यासारखा बसविलेला असतो; तो गळला तर सबंध गिअरपेटी उतरवावी लागते, आणि खर्चाचा मोठा भाग त्या मजुरीचाच असतो. कधीं कधीं बाहेर एक थेंबही दिसत नाहीं, तरी पेडल दाबून धरलें असतां हळूहळू खालीं बसतें. तेव्हां मास्टर सिलिंडराच्या आंतील वाटी झिजून द्रव तिच्या कडेनें मागें निसटत असतो, असें समजावें. पेडल मऊ लागणें, दोनतीन वेळां दाबल्यावर मग गिअर पडणें, रिव्हर्स टाकतांना कर्कश आवाज होणें, या सर्व पूर्वसूचना होत.

पातळीविषयीं एक गंमत सांगतों. ब्रेकच्या भांड्यांतील पातळी ब्रेकचीं पॅडें झिजतील तशी, गळती नसतांही, थोडी उतरते. क्लचचें मात्र उलट. बहुतेक गाड्यांत क्लच प्लेट झिजली कीं स्लेव्हचा दट्ट्या किंचित् मागें रेटला जातो, आणि द्रव भांड्याकडे परत येतो. म्हणून क्लचचें भांडें वेगळें असलेल्या गाडींत पातळी उतरली तर दुसरें कारण शोधूं नये. तें कोठेंतरी गळतच आहे. अशा वेळीं वरून ओतीत राहणें म्हणजे फुटक्या घागरींत पाणी भरणें होय.

आतां मुख्य प्रश्न: द्रव बदलावा केव्हां? पहिला अधिकार मोटारीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेचा. पुष्कळ पुस्तिकांत ब्रेकच्या द्रवासाठीं दोन वर्षांची मुदत दिलेली असते, कांहींत तीन वर्षांची. क्लचचा वेगळा उल्लेख नसेल तर त्यास तीच मुदत लावावी व दोन्ही कामें एकाच दिवशीं करावीं. येथें किलोमीटर मोजून उपयोग नाहीं. दारांत उभ्या असलेल्या गाडींतही द्रव ओलावा ओढीतच असतो. एंजिनाचें तेल चालण्यानें खराब होतें. हा द्रव नुसत्या बसण्यानें होतो. माणसानें चार पावसाळे अधिक पाहिले म्हणजे त्याच्या शब्दास वजन येतें; या द्रवाचें मात्र दोन पावसाळ्यांत वजन उतरतें. कोंकणांतील दमट हवेंत तर दोन वर्षांची मुदत ओलांडूंच नये, असें आमचें मत आहे.

मुदतीस महत्त्व किती हें आंकड्यांवरून दिसेल. अमेरिकन मानकाप्रमाणें नव्या, कोरड्या डॉट ३ चा उत्कलनबिंदु निदान २०५ अंश सेल्सिअस व डॉट ४ चा निदान २३० अंश असला पाहिजे. त्यांत शेंकडा ३.७ च्या सुमारास पाणी मुरलें म्हणजे हीच किमान मर्यादा अनुक्रमें १४० व १५५ अंशांवर येते. क्लचमध्यें उष्णता ब्रेकइतकी नसते, म्हणून तेथें पाण्याचा मुख्य उपद्रव गंजाचा; परंतु लांब उतारावर तापलेल्या ब्रेकमध्यें द्रव उकळला तर त्याची वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल खालीं जाऊनही ब्रेक लागत नाहीं. दोहोंचें भांडें एक असेल तर दोहोंची निगाही एकच. रंगावर सर्वस्वीं विसंबूं नये. काळा झालेला द्रव बदलावाच. परंतु जो स्वच्छ पिवळसर दिसतो तो कोरडाच असेल असें नाहीं, कारण पाण्यास रंग नसतो.

द्रव बदलण्याचें काम दोघांचें आहे, आणि वडील व मुलगा किंवा मुलगी यांनीं मिळून तें एकदां जाणत्या मिस्त्रीच्या देखरेखीखालीं अवश्य करून पाहावें. भांड्यांतील जुना द्रव काढून नवा भरावा. स्लेव्हच्या निपलास पारदर्शक नळी लावून तिचें टोंक थोडा नवा द्रव असलेल्या बाटलींत बुडवावें. एकानें पेडल दाबून धरावें. दुसऱ्यानें निपल किंचित् सोडावें, द्रव बाहेर येऊं द्यावा, व निपल पुन्हां आवळावें. त्यानंतरच पहिल्यानें पाय उचलावा. हा क्रम चुकला तर हवा आंत जाते. भांडें मध्यें रिकामें होऊं देऊं नये. प्रथम काळा, मग तपकिरी, आणि शेवटीं नव्या द्रवाच्या रंगाचा, बुडबुड्यांवांचून प्रवाह येऊं लागला म्हणजे काम झालें. बाहेर काढलेला द्रव पुन्हां घालूं नये व गटारांतही ओतूं नये. बाटलींत भरून गॅरेजमध्यें द्यावा. तो डोळ्यांत जाऊं देऊं नये. गाडीच्या रंगावर सांडला तर रंग उठतो, तेव्हां लागलीच भरपूर पाण्यानें धुवावा. आणि अर्धी उरलेली बाटली पुढील खेपेसाठीं जपून ठेवण्याची काटकसर कोणी करूं नये. उघडलेली बाटली म्हणजे उघडा राहिलेला पापडांचा डबा.

गॅरेजमध्यें काम करून घेणाऱ्या पालकांस आमची एकच विनंति आहे. ‘ब्रेक ऑईल बदललें’ एवढ्यावर समाधान मानूं नका; ‘क्लचच्या निपलांतून जुनें काढलें काय?’ असें विचारा. प्रामाणिक कारागिरास या प्रश्नाचा राग येत नाहीं. उलट आपल्या कामाची पारख करणारा भेटला म्हणून तो आनंदानें नळींतून निघालेला काळा द्रव दाखवितो.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुमच्याकडेही एक काम सोंपवितों. येत्या रविवारीं घरच्या, अथवा शेजाऱ्यांच्या, मोटारीचें बॉनेट वडिलांकडून उघडवून घ्या. झांकण उघडूं नका. त्यावरील अक्षरें मात्र पुसून मोठ्यानें वाचा. भांडें एक आहे कीं दोन, क्लचची नळी कोठें जोडलेली आहे, पातळी कोणत्या खुणेपाशीं आहे, हें पाहा. मग पुस्तिकेंतील मुदतीचें पान शोधून काढा. शेवटचा द्रव ज्या महिन्यांत बदलला असेल तो महिना व सन एका चिठीवर लिहून ती बॉनेटच्या आंतल्या बाजूस चिकटवा; आणि तारीख कोणासच सांगतां आली नाहीं, तर चिठीवर ‘माहीत नाहीं’ असें लिहा. ही चिठी पाहिल्यावर पुढें काय करावयाचें तें वडिलांस सांगावें लागणार नाहीं.